जुन्या घराची टाकी



जुने घर विकत घेताना माणूस काय काय पाहतो? आढे-वासे ठोकून पाहतो, भिंतींना ओल धरली आहे का ते पाहतो, विहिरीला चैत्र-वैशाखात पाणी किती राहते ते विचारतो, घराचा उतारा तपासतो. पण संडासची टाकी कोठे आहे, ती केवढी आहे आणि शेवटची कधी उपसली, हे कोणी विचारीत नाही. विचारायला लाज वाटते म्हणा, किंवा सुचत नाही म्हणा. मीही विचारले नव्हते. नोकरीतून मोकळा झालो, कृष्णाकाठच्या एका गावात जुने घर घेतले आणि सुखाने राहू लागलो. माझ्याआधी त्या घरात तीन बिऱ्हाडे राहून गेली होती. त्यांनी मागे काय ठेवले होते ते मला पहिल्या पावसाळ्यानंतर कळले.

संडासात पाणी ओतले की ते लवकर खाली जाईना. गुडगुड असा आवाज येई. सांजवेळी परसात दर्प सुटे. शेजारच्या आक्का कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "अहो गुरुजी, टाकी भरली असंल तुमची. त्या पल्याडच्या आळीतल्या माणसाला सांगा. बादलीनं उपसून देतो. पाचशे रुपये घेतो आन् वर एक बाटली."

मी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक चाळिशीचा माणूस आला. हातात दोर, बादली आणि घमेले. बरोबर चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. माणसाने पहारीने फरशीचे झाकण सरकवले, सदरा काढून कुंपणावर टाकला, आणि दोर कमरेला बांधू लागला.

मी विचारले, "तुम्ही आत उतरणार?"

"उतरल्याबिगर गाळ कसा निघंल, गुरुजी? वरचं पाणी बादलीनं निघतंय. खालचं घट्ट असतंय, ते घमेल्यानंच काढावं लागतंय."

"आणि वर दोर कोण धरणार?"

"पोरगं हाय की."

श्रोतेहो, तीस वर्षे मी त्याच वयाच्या मुलांना शिकविले. त्या पोराच्या हातात तो दोर पाहिला आणि पोटात गोळा आला. वर्तमानपत्रात आपण वाचतो ना, टाकी साफ करायला उतरलेले दोघे गुदमरून गेले, तिघे गेले? वाचतो आणि पान उलटतो. त्या दिवशी ती बातमी माझ्या परसात घडायची बाकी होती. मी त्यांना थांबविले, ठरलेली मजुरी हातावर ठेवली आणि दोघांना ओटीवर चहाला बसविले. चहा पिताना तो माणूस म्हणाला, "मागं एकदा आत डोळ्यांपुढं अंधारी आली हुती. वरनं वढलं म्हणून वाचलो. पण काम तर करावंच लागतंय."

ही टाकी म्हणजे आहे तरी काय, ती माणूस का मारते, आणि माणूस आत न उतरविता ती वर्षानुवर्षे नीट कशी ठेवता येते, एवढेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

प्रथम टाकीचे पोट समजून घेऊ. ज्याला आपण सेप्टिक टाकी म्हणतो, आणि खेड्यापाड्यांत पुष्कळ लोक 'सेफ्टी टाकी' म्हणतात, तिचे काम मैला साठविणे एवढेच नाही. ते एक पचनाचे भांडे आहे. मैल्याचे पाणी आत आले की ते निवांत उभे राहते. जड भाग तळाशी बसतो, त्याला गाळ म्हणू. तेलकट, हलका भाग वर तरंगतो, त्याची दुधावरच्या सायीसारखी साय धरते. मध्ये राहते ते पाणी. तळाच्या गाळात असंख्य सूक्ष्म जंतू असतात. त्यांना हवा लागत नाही. किंबहुना हवा नसते म्हणूनच ते वाढतात. ते गाळ खातात, कुजवितात, त्याचे आकारमान कमी करतात. या पचनातून वायू सुटतो, तो उभ्या नळीतून छपराच्या वर निघून जातो.

नीट बांधलेल्या टाकीला दोन कप्पे असतात. पहिला कप्पा लांबीच्या दोनतृतीयांश, दुसरा एकतृतीयांश. मधल्या भिंतीला साधारण मध्यावर भोके असतात, म्हणजे तळाचा गाळ आणि वरची साय पहिल्या कप्प्यातच राहते आणि मधले पाणी तेवढे पुढे सरकते. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नळीला इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा तुकडा जोडलेला असतो. त्याचे कारणही तेच: साय नळीत शिरू नये, आणि येणाऱ्या पाण्याने तळ ढवळू नये.

आता गुरुजन मंडळींसाठी एक सोपा प्रयोग सांगतो. काचेची मोठी बरणी घ्या. तिच्यात पाणी, मूठभर माती, चिमूटभर लाकडाचा भुसा आणि चमचाभर गोडेतेल घाला. झाकण लावून हलवा आणि तास संपेपर्यंत टेबलावर ठेवा. माती खाली बसेल, भुसा आणि तेल वर येईल, मध्ये गढूळ पाणी राहील. मुलांना विचारा, ही बरणी कधीच रिकामी केली नाही आणि रोज मूठभर माती घालीत गेलो तर काय होईल? उत्तर मुलेच देतील: माती तोंडापर्यंत येईल, आणि नंतर घातलेली माती पाण्याबरोबर बाहेर सांडेल. आपल्या टाकीचे नेमके हेच होते.

कारण जंतू कितीही पचवोत, सगळेच पचत नाही. शिल्लक गाळ साठतच जातो. माणशी वर्षाला सुमारे ४० लिटर, असा एक ढोबळ हिशोब धरा. पाच माणसांच्या घरासाठी भारतीय मानकात दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाण्याची खोली एक मीटर अशी टाकी सांगितली आहे. म्हणजे आत ११२५ लिटर मावते. पाच माणसांचा गाळ वर्षाला २००, तीन वर्षांत ६०० लिटर. म्हणजे तीन वर्षांत निम्म्याहून अधिक टाकी गाळानेच भरली. मग मैला बसायला जागा राहत नाही, आणि तो पचायच्या आधीच पुढे ढकलला जातो. म्हणून दर दोन ते तीन वर्षांनी टाकी उपसावी, असा नियम आहे.

इथे एक गैरसमज मोडला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी लोक मिशीला पीळ देऊन सांगतात, "आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही!" श्रोतेहो, न भरणारी टाकी ही निरोगी टाकी नव्हे. एक तर तिला तळ घातलेला नाही, किंवा तिला भेगा गेल्या आहेत, आणि मैला जमिनीतून झिरपून कुणाच्या तरी विहिरीकडे निघाला आहे. किंवा ती केव्हाच गाळाने भरली आहे आणि मैला जसाच्या तसा गटारात जातो आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ झाकून ठेवण्यासारखी नाही.

दुसरा गैरसमज, टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ असते. ते नितळ दिसले तरी स्वच्छ नसते. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू आणि जंतांची अंडी त्यात असू शकतात. म्हणून ते पाणी उघड्या गटारात, ओढ्यात किंवा रस्त्यावर सोडायचे नाही. ते शोषखड्ड्यात गेले पाहिजे, आणि तो शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किंवा कूपनलिकेपासून निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट दूर पाहिजे. जिथे खडकाला भेगा आहेत, किंवा कोकणासारखा सच्छिद्र जांभा आहे, तिथे पाणी जमिनीत फार लवकर लांबवर जाते. तिथे साठ फूटही पुरे धरू नयेत, जमेल तितके अंतर वाढवावे.

आता मुख्य गोष्ट. टाकी माणूस का मारते?

मघाशी म्हटले की पचनातून वायू सुटतो. तो एक नसतो, तीन-चार असतात. एक मिथेन, जो पेट घेतो. दुसरा कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तिसरा हायड्रोजन सल्फाइड, ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हा तिसरा फार कपटी आहे. थोडा असला की त्याचा वास येतो. पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. माणसाला वाटते, वास गेला, म्हणजे वायू गेला. प्रत्यक्षात वायू वाढलेला असतो आणि नाक मेलेले असते. प्रमाण फार वाढले तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेहून जड, म्हणून तळाशी बसतो. घट्ट बसलेला गाळ घमेल्याने ढवळला की त्यात अडकलेला वायू एकदम उसळतो. म्हणजे वरून ठीक वाटलेली टाकी, काम सुरू झाल्यावर मारते. याशिवाय बंद टाकीत प्राणवायूच कमी असतो. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली गेला की ती जागा माणसाला उतरायला धोक्याची समजतात.

आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील दोरीने खाली सोडून पाहण्याची रीत होती. कंदील विझला तर आत हवा वाईट, असे समजत. हा उपाय कोणी टाकीवर करू जाईल, तर मोठा घात होईल. टाकीत मिथेन आहे. हवेत तो ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीने स्फोट होतो. म्हणून टाकीच्या तोंडाशी कंदील नाही, काडी नाही, विडी नाही, बत्ती नाही.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी आपली म्हण आहे. टाकीच्या तोंडाशी ती खोटी ठरते. पुढचा पडला की मागचा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो, मग तिसरा उतरतो. भाऊ भावासाठी, बाप लेकासाठी उतरतो. एका घरची दोन-दोन, तीन-तीन माणसे जातात ती अशी. म्हणून हे वाक्य पाठ करून ठेवा, मुलांकडूनही पाठ करून घ्या: टाकीत माणूस पडला तर आपण आत उतरायचे नाही. सगळी झाकणे उघडायची. आतला माणूस शुद्धीवर असेल तर दोर टाकायचा. लगेच ११२ किंवा १०१ या क्रमांकावर फोन करायचा, रुग्णवाहिकेसाठी १०८. अग्निशामक दलाकडे स्वतःची हवा पाठीवर घेऊन जाण्याचे साधन असते. आपल्याकडे फक्त धाडस असते, आणि धाडसाने श्वास घेता येत नाही. तोंडाला ओला फडका बांधून हा वायू अडत नाही. दारू पिऊन तर मुळीच नाही. उलट भान तेवढे आधी सुटते.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा आणि त्या कामातल्या लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा २०१३ साली झाला. त्याप्रमाणे पुरेशी संरक्षक साधने न देता कोणालाही सेप्टिक टाकीत किंवा भुयारी गटारात साफसफाईसाठी उतरविणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास पाच वर्षे आणि पाच लाखांपर्यंत. हा कायदा सरकारी कचेरीला आणि मोठ्या ठेकेदाराला जसा लागू आहे, तसाच माझ्यातुमच्या घराला लागू आहे. "तो स्वतःच्या खुशीने उतरला" ही सबब चालत नाही. अशा कामात मृत्यू झाल्यास कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले होते. २०२३ च्या ऑक्टोबरात ती रक्कम ३० लाख केली. पण श्रोतेहो, तीस लाखांनी त्या पोराचा बाप परत येत नाही.

आणि कायद्याच्याही आधी ही गोष्ट आपल्या मनाची आहे. कोकणचे गांधी म्हणून ओळखले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैलासफाईचे काम ठराविक जातीच्याच कैद्यांनी का करावे, ते मला द्या, असा त्यांनी आग्रह धरला. तुरुंगाने नाकारले. तेव्हा त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी त्याच वर्षी डिसेंबरात उपवास आरंभला. पुढे १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याचे निर्धोक सोनखत करणाऱ्या संडासांचे प्रयोग तिथे केले. त्यांचा सांगावा साधा होता: घाण आपली, तर तिची व्यवस्थाही आपलीच. ती दुसऱ्या कोणाच्या जन्मावर टाकायची नाही.

मग टाकी उपसायची कशी? यंत्राने. तालुक्याच्या गावी मैला उपसणारी गाडी असते. पाण्याच्या टँकरसारखीच, पण तिला पंप आणि लांब नळी. नळी झाकणातून आत सोडतात आणि गाळ ओढून घेतात. नगरपालिकेकडे किंवा पंचायत समितीत विचारले की गाडीचा पत्ता लागतो. मला मजुरीच्या जवळजवळ चौपट पैसे पडले. पण तीन वर्षांतून एकदा येणारा हा खर्च महिन्यावर वाटला तर फार थोडा होतो. आळीतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी गाडी बोलाविली, तर फेरीचा खर्च वाटला जाऊन आणखी स्वस्त पडते.

गाडी येण्याच्या दिवशी काय करावे? झाकण उघडून काही वेळ मोकळे ठेवावे, मुलांना आणि जनावरांना दूर ठेवावे, झाकणावर वाकून आत डोकावू नये. गाळ फार घट्ट असेल तर वरून पाणी सोडून लांब बांबूने बाहेरूनच सैल करावा. त्या वेळी वाऱ्याच्या बाजूला उभे राहावे, म्हणजे वारा आपल्याकडून टाकीकडे जावा. दोन्ही कप्पे उपसून घ्यावेत. पुष्कळदा एकच झाकण उघडून काम आटोपतात. तळाशी थोडा गाळ राहू द्यावा. तो विरजणासारखा आहे. त्यातले जंतूच पुढचे पचन सुरू करतात. आतून घासून, धुऊन लख्ख करण्याचे काही कारण नाही. उपसून झाल्यावर टाकी लगेच पाण्याने भरावी. शक्यतो हे काम पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्यात उरकावे. भर पावसात जमिनीतल्या पाण्याचा दाब रिकाम्या टाकीवर येतो. बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची टाकी तर वर उचललीही जाते.

आणि एक प्रश्न गाडीवाल्याला अवश्य विचारावा: "हा गाळ कोठे नेता?" तो ओढ्यात किंवा कोणाच्या पडीक रानात जाणार असेल, तर आपण आपली घाण फक्त चाकांवर चढवून शेजाऱ्याच्या दारी नेली. गाळ प्रक्रिया केंद्रात जायला हवा. जिथे केंद्र नाही, तिथे पाण्यापासून दूर, उंच जागी खोल चर खणून त्यात ओतून मातीने झाकण्याची पद्धत आहे; ती जागा ग्रामपंचायतीने ठरवून द्यावी. या बाबतीत साताऱ्याकडील वाई आणि नाशिककडील सिन्नर या दोन नगरपालिकांनी चांगला पायंडा पाडला. २०१८ च्या सुमारास त्यांनी असे ठरविले की टाकी तुंबण्याची वाट पाहायची नाही. पाळीपाळीने प्रत्येक घरची टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची आणि गाळ प्रक्रिया केंद्रात न्यायचा. खर्च करातून भागवायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे करण्यापेक्षा ही रीत किती शहाणपणाची!

आता रोजची निगा. ती फार थोडी आहे, आणि बहुतेक 'काय करू नये' अशीच आहे.

टाकीत मैला आणि पाणी यांखेरीज काही टाकू नये. कापड, केस, गुटख्याच्या पुड्या, प्लॅस्टिक, लहान मुलांचे लंगोट, पाळीची पॅड यांतले काही कुजत नाही. ते नळी तुंबविते आणि गाडीची नळीही अडविते. पाळीचे पॅड कागदात गुंडाळून वेगळे द्यावे. शाळेत मुलींसाठी झाकणाची बादली ठेवलीत तर शाळेची टाकी निम्म्या दुखण्यांतून सुटेल. मोरीचे, न्हाणीचे आणि पागोळीचे पाणी टाकीत सोडू नये. जास्त पाणी आले की मैल्याला तळाशी बसायला सवड मिळत नाही. न्हाणीचे पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसातल्या केळीला द्यावे.

संडासचे भांडे ब्रश आणि थोड्या साबणाच्या पुडीने घासावे. ऍसिड, फिनेल, ब्लीचिंग पावडर भरमसाट ओतू नये. त्याने पचन करणारे जंतू मरतात, म्हणजे आपणच आपल्या टाकीला अजीर्ण करतो. आणि ऍसिड व ब्लीचिंग पावडर तर एकत्र कधीच टाकू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, तो बंद संडासात जीवावर बेततो. उलट बाजूने, "ही पुडी टाका, टाकी आपोआप साफ होईल" असे सांगत कोणी आला तर पैसे वाचवा. लागणारे जंतू मैल्यात मुळातच असतात. नवी टाकी सुरू करताना ती आधी पाण्याने भरून शेणाचा काला थोडासा घातला, तर पचन लवकर सुरू होते, एवढेच.

वायूची नळी छपराच्या वर न्यावी आणि तिच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. हत्तीरोग पसरविणारा डास घाण पाण्यात, अशा टाक्यांतही अंडी घालतो. जाळी दोन-चार वर्षांत फाटते, ती बदलावी. झाकणाला भेग गेली असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करावी. शाळेच्या आवारात तर झाकण पोराने हलविता येणार नाही इतके जड आणि भक्कम हवे. गुरुजींनी शाळा उघडण्यापूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, एकदा ते स्वतः पाहावे.

टाकी किती भरली ते आत न उतरता कळते. लांब काठीला खालच्या टोकापासून पांढरे फडके गुंडाळा. झाकण उघडून थोडा वेळ जाऊ द्या, जवळ दुसरा माणूस असू द्या, आणि उभ्यानेच काठी अलगद तळापर्यंत सोडा. थोडे थांबून वर काढा. फडक्यावर काळा चिकट भाग जिथपर्यंत लागला तितका गाळ. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याहून तो वर आला, की गाडी बोलवा. नंतर फडके पुरून टाका, हात साबणाने धुवा.

ज्यांच्याकडे दोन खड्ड्यांचा संडास आहे त्यांना ही सगळी यातायात नाही. त्यात एक वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा. तो भरला की वाटचौकीतले तोंड बंद करून मैला दुसऱ्या खड्ड्यात वळवायचा. पहिला खड्डा निदान दीड-दोन वर्षे तसाच बंद राहू द्यायचा. मग त्यात निघते ते कोरडे, मातीसारखे, वास नसलेले खत. त्या खड्ड्यांना वायूची नळीही लागत नाही. वायू मातीत जिरतो. पण दोन्ही खड्डे एकदम चालू ठेवले, तर सगळा फायदा गेला. नवे घर बांधणाऱ्याने, जागा आणि जमीन अनुकूल असेल, तर याचा आधी विचार करावा.

आता माझ्या टाकीचे काय झाले ते सांगून संपवितो. गाडी आली, तेव्हा मी त्या माणसालाही बोलाविले होते. नळी कुठे सोडावी, दुसऱ्या कप्प्याचे झाकण कोठे मातीखाली गेले आहे, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. त्याने बाहेर उभे राहून दाखविले, गाडीने ओढले. पाऊण तासात काम झाले. कोणी आत उतरले नाही. गाडीवाल्याने त्याचा फोन नंबर लिहून घेतला. जाता जाता तो मला म्हणाला, "गुरुजी, असं आधी कुणी सांगितलंच न्हाई."

परसाच्या भिंतीवर, टाकीच्या वर, मी तेलरंगाने तारीख लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली तीन वर्षांनंतरची पुढची तारीख. उद्या हे घर दुसऱ्या कोणी घेतले, तर त्याला विचारण्याची लाज वाटणार नाही, भिंतच सांगेल. तुमच्या घराच्या, तुमच्या शाळेच्या भिंतीवर अशी तारीख आहे का? नसेल तर आज एवढे एकच काम करा. टाकी कधी उपसली ते घरात विचारा. आणि कोणालाच आठवत नसेल, तर उत्तर मिळालेच असे समजा.